उजवा हात

झऱ्याच्या शिवारात, पुकळ्यांच्या वस्तीवर
रात्री पावणेदोनला
मी बॅटरी धरून उभा आहे.
माझ्या हुद्द्याचं नाव व्रणोपचारक.
अठ्ठावीस वर्षं झाली, अजून कुणाला ते नीट म्हणता येत नाही.
लोक म्हणतात, दवाखान्यातले आप्पा.

खिलार गाय. तिसरं वेत.
दिवेलागणीला पाणमोट फुटली,
दोन पाय बाहेर आले आणि तिथंच थांबले,
पाहुण्यानं उंबऱ्यात चपला काढाव्यात
आणि मग विचारात पडावं, तसे.
ओढू नका म्हणून फोनवर बजावलं होतं.
ओढलं होतंच.

मुलाणी डॉक्टर आटपाडीला येऊन सहा महिने.
अंगठी काढून त्यांनी माझ्याकडं दिली,
हात खांद्यापर्यंत साबणानं धुतला
आणि गाईच्या मागं गुडघे टेकले.
‘एवढ्याशा हातानं व्हायचं का, बाई?’ लिंगाप्पा म्हणाला.
बाई काही बोलल्या नाहीत.

आधीच्या साहेबांचे हात मी पाहिलेत. फावडी.
आत गेले की गाय भुईला टेकायची.
त्यानंतर तारेची करवत मीच धुवायचो.
किती वेळा, ते सांगत नाही.
आजही ती उकळून आणलीय,
पिशवीच्या तळाशी, वाजू नये म्हणून फडक्यात.

आत बॅटरीचा उजेड जात नाही.
मी उगाच धरून उभा.
बाईंनी डोळे मिटलेत, बोटांनी वाचत चालल्यात:
हा गुडघा. ही छाती.
मान डावीकडं वळलेली, तोंड स्वतःच्याच बरगडीवर,
झोपल्यागत.
का मेल्यागत, ते बोटालाच कळायचं.

मग बाई थांबल्या.
गोठ्यातलं सगळंच थांबलं,
कोपऱ्यातल्या शेळीचं रवंथसुद्धा, असं मला वाटलं.
‘चोखतंय,’ बाई म्हणाल्या.
‘आप्पा, माझं बोट चोखतंय.’

आता आधी आत ढकलायचं.
लिंगाप्पाला पटेना: काढायचंय बाहेर, आणि आत कशाला?
दारात आडवी अडकलेली खाट
आधी मागं घ्यावी लागते, मी म्हणालो.
कळ आली की बाईंचा दंड हाडात आवळायचा,
ओठ पांढरे व्हायचे.
कळ गेली की बोटभर वळवायचं.
पुन्हा कळ.
पुन्हा बोटभर.
पाऊण तास.

मग नाक सरळ आलं, फास बसले,
कळेबरोबर ओढा, कळेबरोबर थांबा, खाली, खाली,
आणि फाल्गुनातल्या कोरड्या मातीवर
खोंड पडला. ओला, पिवळट,
गप्प.

मी नाकात काडी घातली.
बाईंनी तोंडातला बुळबुळा काढला, गोणपाटानं छाती चोळली.
लिंगाप्पा बिरोबाला काहीतरी कबूल करत होता,
आकडा मोठा असावा, कारण बायकोनं वळून पाहिलं.
आणि शिंक.
एवढीशी. रागावलेली.

बेंबीला आयोडीन लावलं, तांबडा डाग माझ्या सदऱ्यावरही.
हिराबाई चरवी घेऊन आली.
पहिला चीक खरसुंडीला, सिद्धनाथाला,
सासूच्या सासूपासूनची रीत.
बाई म्हणाल्या, ‘देव सकाळपर्यंत थांबतो, मावशी.
ह्याला थांबता येत नाही.’
हिराबाई खोंडाकडं बघत राहिली.
मग चरवी पालथी घालून
तिनंच सड त्याच्या तोंडात दिला.

चहा बाईंनी डाव्या हातानं घेतला.
उजवा मांडीवर पडून होता, दुसऱ्या कुणाचा असल्यागत.
गव्हाणीला टेकल्या आणि तशाच झोपल्या.

मी जागा.
वार पडायची आहे अजून.
ओढायची नाही, आपसूक पडू द्यायची,
आणि कुत्री वासावर आलीत.
खिशात काहीतरी टोचतं. अंगठी.
उठवून द्यावी का?
राहू दे.

पाचच्या सुमाराला, खोंडाला चाटता चाटता
गाईनं पाय बदलला.
मागं थपकन आवाज झाला.
मी फावडं घेतलं.